दोन दिवसाचं कोच ट्रेनिंग केलं, ६०० रुपये वसूल झाले का ते सांगतो

आधीच सांगतो, संस्थेचं नाव लिहिणार नाही. कौतुक बी करायचं आहे अन् शिव्या बी घालायच्या आहेत, आणि ज्यानं मला ह्या ट्रेनिंगचं सांगितलं तो आमच्याच तालुक्यातला माणूस आहे, दर बाजाराच्या दिवशी भेटते.

तर झालं असं की दिवाळीनंतर यवतमाळला दोन दिवसाचं प्रशिक्षण होतं, लहान पोरापोरींना खेळ शिकवणाऱ्यांसाठी, म्हणजे पीटीचे मास्तर, गावातले कोच, अकॅडमीवाले, कोणीही. फी ६०० रुपये, त्यात नाश्ता-जेवण आणि रात्री हॉलमधे गाद्या. ऐन वेचणीचे दिवस बरं का. इकडं कापूस फुटून वावर पांढरंफेक झालेलं, वेचायला बाया मिळून नाही राहिल्या, आणि मी बॅग भरून राहिलो. आई म्हणे, "बीपीएड केलं तवा शिट्टी वाजवाले शिकला नाही का? आता पैसे देऊन शिकतं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दारव्ह्याहून सकाळची एसटी पकडली अन् गेलो.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे कोण बोलून राहिला ते समजेल. अमरावतीहून बीपीएड (पीटीच्या मास्तराची डिग्री), नोकरी नाही, चार एकर कोरडवाहू. सकाळी पाचला पोलीस भरतीची बॅच घेतो, १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, त्याचे महिन्याचे पैसे भेटतात. संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेच्या ग्राउंडवर खो-खो, त्याचे काहीच नाही भेटत, पण तीसेक पोट्टे-पोट्ट्या येतात. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला अन् आपल्या पोरं-पोरी दोन्ही टीम जिंकल्या, तेव्हापासून तर पोरी जास्तच येऊन राहिल्या. शाळेत पीटीचा मास्तर नाही. शिक्षण हक्काच्या म्हणजे आरटीई कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ मास्तर, आहे खरा, पण सहावी ते आठवीत १०० च्या वर पोरं असली तरच, आणि आमच्याकडं सातवीपर्यंतची अख्खी शाळा मिळून ७० बी होत नाहीत. म्हणजे छोट्या गावातल्या पोट्ट्यांनी खेळ कोणाकडून शिकायचा याचं उत्तर कायद्यातच नाही, म्हणून माझ्यासारखा रिकामा बीपीएडवाला.

पहिल्या दिवशीची सकाळ बेकार गेली. ४० च्या आसपास माणसं, त्यात बाया फक्त पाच. पोहे-तर्री झक्कास होती हे मान्य, पण नंतर दोन तास पीपीटी. स्लाईडवर हिरवंगार टर्फ, गुडघ्याला पॅड बांधलेले गोरे पोट्टे, प्रत्येकाजवळ एक एक बॉल. आमच्या ग्राउंडवर एक कुत्री व्यायली आहे अन् तिला चुकवून चुन्याची लाईन मारावी लागते, आम्ही काय बोलाव! स्लाईड अर्ध्या इंग्रजीत. मेळघाटातून, धारणीकडून आलेले एक गुरुजी होते, ते उठून म्हणाले सर माझ्या वर्गातल्या पोरांना मराठीच नीट नाही समजत, ती कोरकू बोलतात, मी "डावीकडे वळा" म्हटलं तर सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात, तुम्ही मला इंग्रजी दाखवून राहिले. सगळा हॉल हसला, पण ते हसायसाठी बोलले नव्हते.

त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रेनर सरांनी बोलता बोलता "तुमच्या भागात खेळाची परंपरा तशी कमी" असं टाकलं. झालं. अमरावतीत शिकलेले आम्ही सात-आठ जण होतो, सगळ्यांच्या माना वर. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, अन् १९३६ मधे बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथं जाऊन कबड्डी-मल्लखांब दाखवून आलेली टीम आमच्या मंडळाची, अन् हा बावा आम्हाला परंपरा शिकवते. एकानं उभं राहून सुनावलंच. सरांनी सॉरी म्हटलं, चांगल्या मनानं म्हटलं, पुढं वातावरण मोकळं झालं.

मग त्यांनी नॉर्वेचं सांगितलं. तिकडं मुलांच्या खेळातल्या हक्काचे नियमच आहेत, पोरगं ११ वर्षाचं होण्याआधी निकालाच्या याद्या, पॉईंट टेबल, रँकिंग लावायचंच नाही, आणि देशपातळीची चॅम्पियनशिप १३ च्या आधी नाही. कारण काय तर पालकांचं टेन्शन पोरावर येते. ऐकायला भारी आहे, पण आमच्याकडं पालकांचं टेन्शन हा विषयच नाही, पालक ग्राउंडवर येतच नाहीत. येतात ते दहावीच्या वर्षी, अन् एकच विचारतात, ग्रेस मार्क भेटतीन का, सरकारी नोकरीत खेळाडूचं ५ टक्के आरक्षण आहे म्हणतात तं आमच्या पोट्ट्याले कसं भेटल. हे प्रश्न चूक नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. पण ट्रेनिंगमधे त्याच्यावर एक शब्द नव्हता.

दुपारपासून गाडी रुळावर आली. आणि इथं मला लांबून सांगावं लागेल, कारण माझ्या मते ६०० रुपये ह्या एका तासाचेच होते.

बाजूच्या शाळेतली २४ पोरं बोलावली होती. आमच्यातल्या एका पीटी मास्तरांना सांगितलं की तुम्ही रोज घेता तसा तास घ्या. आम्हाला प्रत्येकाला एक एक पोरगं वाटून दिलं, अन् मोबाईलचं स्टॉपवॉच चालू ठेवायला सांगितलं, पण कसं, तर ते पोरगं हललं की चालू, थांबलं की बंद. बस. मास्तरांनी तास एकदम चांगला घेतला, खरं सांगतो, मी बी तसाच घेतला असता. रांग केली, हजेरी, थोडी कवायत, मग एकाच बॉलवर रांगेनं झेल, मग डोंगर-पाणी. १५ मिनिटं. माझ्या वाट्याला आलेली पोरगी चौथीतली, जाडसर, दोन वेण्या. ती डोंगर-पाण्यात दुसऱ्याच आरोळीला आऊट झाली अन् भिंतीला टेकून बसली. माझं घड्याळ थांबलं २ मिनिटं ४० सेकंदावर. बाजूच्याचं पोरगं चपळ होतं, शेवटपर्यंत टिकलं, त्याचे आठ मिनिटं भरले.

ट्रेनर मॅडम (ह्या कबड्डी खेळलेल्या, तीन ट्रेनरमधल्या सगळ्यात चांगल्या) काही भाषण नाही दिलं. फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहिले फक्त. मग म्हणाल्या की जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या पोरांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं हललं पाहिजे. अन् ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे तोच आपल्या खेळात पहिले आऊट होतो. हॉलमधे चिडीचूप. ते मास्तर बिचारे खाली मान घालून बसले, मॅडमनी त्यांना सांगितलं की सर तुमची चूक नाही, खेळच असा आहे. मग तोच डोंगर-पाणी परत घेतला, आऊट झाला की भिंतीपर्यंत पळत जायचं, हात लावायचा अन् परत आत. एवढंच बदललं. माझी पोरगी पाच मिनिटातच लालेलाल, अन् हसून राहिली होती.

रात्री गादीवर पडल्या पडल्या मी आमच्या खो-खोचा हिशोब केला. खेळ बघा कसा आहे, आठ जण पाटीत बसलेले, एक पळते, समोर तीन पळणारे, म्हणजे बारा. माझ्याकडं तीस. उरलेले अठरा काय करतात? चपला सांभाळतात. टाळ्या वाजवतात. भांडतात. बसलेल्या आठातही ज्याला कोणी खो देत नाही तो अख्खी पाळी उकिडवा बसून राहते, अन् खो कोणाला नाही भेटत, तर जो हळू आहे त्याला. मी सहा वर्षं ह्या ग्राउंडवर उभा आहे अन् हे मला दिसलं नव्हतं, कारण मी नेहमी पळणाऱ्याकडंच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी खेळ बदलायचा कसा ते शिकवलं. चार गोष्टी, जागा, काम, साहित्य, माणसं, ह्यातली कोणतीही एक उलशी बदलायची. जागा लहान करा नाहीतर मोठी, काम सोपं करा, बॉल मऊ घ्या, टीम छोटी करा. हे पाठ करायला सोपं आहे, आणि गटात बसून करायला दिलं ते जास्त आवडलं. आमच्या गटात मी माझं खरं पोरगं सांगितलं. पाचवीतला आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, रोज येते ग्राउंडवर, अन् मी त्याला गुण लिहायला बसवतो. दया म्हणून बसवत होतो, असं मला वाटायचं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, खो-खोमधे खो कसा देतात?" मी म्हटलं मागून पाठीला हात लावून, तोंडानं खो म्हणून. म्हणे, "मंग? पाठीला कान लागतात का?"

बाप्पा! खरंच. बसलेल्याला खो तर पाठीवर कळतोच, आरोळी पंचासाठी. अडचण फक्त माझ्या शिट्टीची होती. गावी येऊन शिट्टीसोबत लाल दुपट्टा हलवणं सुरू केलं, सगळ्यांसाठीच, त्याच्या एकट्यासाठी नाही. आता तो पाटीत बसते. पळताना मागचं ऐकू येत नाही म्हणून लवकर बाद होते, ते आहेच, पण ते त्याचं त्याला पाहू द्या. गुण लिहायला आता कोणीच तयार नाही ही नवीन अडचण.

शिक्षेचा विषय निघाला तेव्हा मी जरा मागच्या रांगेत सरकलो. उशिरा आला की पाच राऊंड, झेल सुटला की वीस उठाबशा, ही माझी पद्धत. त्यांचं म्हणणं, पळणं ही शिक्षा केली तर पोरगं पळण्याचाच राग करल. पहिले पटलं नाही, भरतीच्या बॅचला शिक्षा लागतेच असं माझं आजही मत आहे. पण सरांनी अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला तो डोक्यात बसला. सिएटलकडं रोनाल्ड स्मिथ अन् फ्रँक स्मॉल नावाचे दोन प्रोफेसर, त्यांनी लहान पोरांच्या बेसबॉल कोचेसना अडीच तासाचं ट्रेनिंग दिलं, अडीच तासाचं फक्त. काय शिकवलं तर चुकल्यावर आधी धीर द्या मग चूक सांगा, मेहनत दिसली की तोंडानं बोलून दाखवा, टोमणे मारू नका. १९९२ मधे त्याचा निकाल छापला, ट्रेनिंग न घेतलेल्या कोचकडची १०० पैकी २६ पोरं पुढच्या वर्षी खेळायलाच आली नाहीत, ट्रेनिंगवाल्या कोचकडची फक्त ५. बेसबॉल आपल्याकडं कोणी पाहिला नाही, पण पोरं सोडून जाणं मी पाहिलं आहे. दरवर्षी जूनमधे चाळीस येतात अन् संक्रांतीला पंधरा उरतात, मी म्हणायचो आजकालच्या पोट्ट्यांत दमच नाही.

निवडीवर एक छोटं सेशन होतं ते बी चांगलं. शालेय स्पर्धेत १४, १७, १९ वर्षाखालचे गट, वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं पोरगं अन् नोव्हेंबरात जन्मलेलं एकाच गटात, पण अंगानं दहा महिन्याचा फरक. आपण मोठ्या अंगाचं निवडतो अन् म्हणतो टॅलेंट आहे. घरी येऊन माझी तालुक्याला नेलेल्या १२ पोरींची यादी काढली, सात जणी जानेवारी ते एप्रिलच्या. (आमच्या बाबांच्या पिढीत हा प्रश्न नव्हता, सगळ्यांचाच जन्म १ जूनचा, मास्तरांनी लिहून टाकलेला.) सर म्हणाले उशिरा उमलणाऱ्याला टिकवा. मला तेव्हा उमेश यादव आठवला, इथलाच खापरखेड्याचा, बाप कोळसा खाणीत, पोलीस भरतीत हुकलेला, विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळणारा, अन् २००८ ला विदर्भाकडून रणजी. चौदाव्या वर्षी त्याला कोणत्या यादीत कोणी घेतलं असतं कोण जाणे. पण खरं बोलतो, येत्या स्पर्धेला मी परत मोठ्या अंगाच्याच पोरी नेणार. हरून आलो की गावात कोणी चहा बी पाजत नाही.

आता शिव्या. सगळ्यात महत्त्वाचं सेशन, पोरांच्या सुरक्षेचं, ते जेवणानंतर अर्ध्या तासात उरकलं. वांग्याची भाजी, वरण-भात, जिलेबी खाऊन अर्धा हॉल डुलक्या घेऊन राहिला अन् वर स्क्रीनवर पॉक्सो. लहान पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, १८ च्या आतल्या पोराबद्दल काही समजलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर लपवणारा बी अडकते, हे मला बीपीएडमधे कोणी सांगितलं नव्हतं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाईनचा नंबर पाठ झाला तेवढं बरं. पण आमचे खरे प्रश्न राहून गेले. स्पर्धेला वीस पोरं छोट्या हत्तीत कोंबून नेतो ते काय करायचं, पोरींसोबत बाई माणूस कुठून आणायचं, खो देताना हात कुठं लावायचा अन् कुठं नाही हे पोरींना अन् पोरांना कोणत्या शब्दात सांगायचं. ह्याला अर्धा दिवस पाहिजे होता, अन् सकाळी, सगळे जागे असताना.

पोरींचंही तसंच. मॅडमनी पाळीचा विषय काढला तर आम्ही बाप्ये जमिनीकडं पाहू लागलो, अन् पाच बायांपैकी एक अंगणवाडीच्या ताई होत्या त्याच बोलल्या शेवटी, की सातवीनंतर पोरगी ग्राउंड सोडते ते खेळ आवडत नाही म्हणून नाही, ग्राउंडजवळ संडास नाही म्हणून. मजा म्हणजे त्या हॉलमधे सुद्धा बायांच्या संडासाला कडी नव्हती. एक जण आत, एक जण बाहेर पहाऱ्याला. सगळ्या मुलांसाठी खेळ म्हणता ना भाऊ, मग आधी कडी लावा.

उन्हाचं एकच स्लाईड होतं, त्यात "सकाळी ९ च्या आत सराव संपवा" असं काहीतरी. एप्रिल-मे मधे अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते, आपल्याकडं शाळाच उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, नऊला तर ग्राउंडवर पाय ठेववत नाही. सात म्हणजे सात. हे आम्हीच त्यांना शिकवून आलो. साहित्याचंही आम्हीच सांगितलं, त्यांच्या किटमधले रंगीत कोन पाहून एक म्हणे इतके पैसे कुठून आणाचे, तर दुसऱ्यानं सांगितलं पऱ्हाटीच्या काड्या रोव, तुराट्या रोव, वर रंगीत चिंधी बांध, फुकट. मी तेच करून राहिलो. एकदा शेळ्यांनी चिंध्या खाल्ल्या ते सोडा.

आता अडीच महिने झाले. ग्राउंडवर मी एकाच्या ऐवजी दोन छोटी मैदानं आखली, खांब म्हणून बल्ल्या, प्रत्येकात पाच बसलेले, एक पळणारा, दोन समोर, म्हणजे सोळा एका वेळी, अन् उरलेल्यांची लगोरी बाजूला, दर पाच मिनिटाला अदलाबदल. गोंधळ होतो, आवाज बसतो माझा. पहिल्या आठवड्यात चांगले खेळणारे पोट्टे रागावले, एक म्हणे "सर हे काय लेकराईचे खेळ लावले". मधात दोघं चार दिवस आलेच नाहीत, मग आले. परवा एका पोरीवर गुपचूप स्टॉपवॉच लावलं, ४० मिनिटात १७ भरले. आधी कधी मोजलंच नव्हतं म्हणून आधीचं किती ते नाही सांगता येणार, पण चार-पाचच्या वर नसेल.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. ज्याच्याजवळ रोजची पोरं आहेत त्यानंच जा, नुसत्या सर्टिफिकेटसाठी जाऊ नका, हे काही पतियाळाचं एनआयएस (कोच घडवणारी राष्ट्रीय संस्था) नाही, त्याच्यावर नोकरी नाही भेटत. बायांनी दोघी-तिघी मिळून जा. अंगावर घ्यायला चादर न्या, गाद्या आहेत पण पांघरूण नाही. पहिल्या दिवशीची सकाळ बुडाली तरी चालते, दुपारी मात्र हजर राहा. तीन महिन्यात आम्ही तुमच्या ग्राउंडवर पाहायला येऊ असं त्यांनी सांगितलं होतं, अजून फोन नाही, पंधरा दिवस बाकी आहेत म्हणा. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलं आहे, दुरुस्त करून पाठवतो म्हणाले, ते बी यायचं आहे. आईला मात्र तेच चुकलेलं दाखवलं, तिला वाचता येत नाही.